जहाज जमिनीवर धावलं कसं?

शेजारची नववीतली मुलगी इंग्रजीची वही घेऊन आली. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात ‘बसरा स्टार’ हे जहाज रत्नागिरीत मिऱ्याच्या किनाऱ्यावर येऊन रुतलं, त्याची बातमी तिने उतरवून घेतली होती. त्यात ‘द शिप रॅन अग्राउंड’ असं वाक्य. "काका, रन म्हणजे धावणं ना? मग जहाज जमिनीवर धावलं कसं? आणि या रनचे अर्थ तरी किती?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सोपं. ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशासाठी पीटर गिलिव्हर या संपादकांनी ‘रन’ या एका क्रियापदाशी नऊ महिने झटापट केली, आणि अर्थ भरले ६४५. आधी हा मान ‘सेट’चा होता. १९८९ च्या आवृत्तीत त्याचे ४३० होते.

जहाजाचं कोडं मात्र ‘धावणे’ला धरून बसलं की सुटत नाही. जर्मनमध्ये याच शब्दाचा सख्खा भाऊ आहे, ‘रिनन’, आणि त्याचा अर्थ वाहणे, झिरपणे. म्हणजे नाक ‘रन’ होतं ते पायांवाचूनच, वाहतं म्हणून. साडीचा रंग जातो, नळाला पाणी येतं, रुळांवर गाडी धावते, सगळीकडे ‘रन’. जहाजही तसंच, पायांवाचून. पुढे यंत्रं आली, मग गिरणी आणि संगणकातला प्रोग्रॅमही ‘रन’ व्हायला लागले. गंमत म्हणजे अमेरिकेत निवडणुकीला उमेदवार ‘धावतो’ आणि ब्रिटनमध्ये ‘उभा राहतो’. आपला उभाच राहतो, नंतर कुठे धावतो ते तुम्ही बघताच.

मग ‘रॅन अग्राउंड’ला मराठी काय? मिऱ्यावरचा कुणीही सांगेल, जहाज किनाऱ्याला लागलं. आणि आपलं खरं धन इथे आहे. ऊन लागतं, तहान लागते, डोळा लागतो, नाद लागतो, ठेच लागते, यंदा हापूस कमी लागतो. आमची आजी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने रत्नागिरीला यायची. बोट बंदराबाहेर उभी राहायची आणि पडावातून, म्हणजे होडीतून, उतरावं लागायचं. (हे आणखी एक ‘लागणे’.) आजी म्हणायची, "बोट बंदराला लागेस्तोवर मला बोट लागलेली असे." दोन्हीकडे शब्द तेच, पण पहिल्यात बोट पोचते आणि दुसऱ्यात पोटातलं बाहेर येतं. एसटीचंही तेच. फलाटाला लागते ती निराळी, घाटात लागते ती निराळी.

मुलीने वहीच्या मागच्या पानावर ‘लागणे’ लिहून खाली आकडे टाकायला सुरुवात केली. अकरावर अडकली होती, तेवढ्यात पलीकडून तिच्या आईची हाक आली, "अगो, लक्ष कुठे आहे तुझं? दूध लागलं बघ खाली!"

बारावा तिने धावत जाता जाता लिहिला.