‘या व्हिडिओत तूच आहेस ना?’ या संदेशाविषयी

आपल्या मामेभावाच्या खात्यावरून मेसेंजरवर ‘या व्हिडिओत तूच आहेस ना?’ असा संदेश आला, दुवा उघडताच फेसबुकच्या लॉगिनचे पान दिसले आणि अर्धा पासवर्ड लिहून आपण थांबलात, असे आपण लिहिले आहे. तो दुवा फसवाच होता आणि आपण थांबलात हे फार चांगले झाले. तरीही पासवर्ड आजच बदला, कारण काही बनावट पाने बटण दाबण्याची वाटही न पाहता टाइप केलेली अक्षरे टिपून घेतात.

मामेभावावर कृपया रागावू नका. बहुधा त्याचा पासवर्ड असाच कुणीतरी मिळवला असावा आणि आता त्याच्या नावाने त्याच्या सर्व परिचितांना हाच संदेश जात असावा. मला हा संदेश पहिल्यांदा एका निवृत्त शिक्षकांच्या खात्यावरून आला होता, आणि ते विनाकारण एक ओळही लिहिणारे नसल्यामुळेच माझे बोट दुव्याकडे गेले होते. म्हणून पाठवणारा ओळखीचा आहे, एवढ्यावर विश्वास न ठेवता त्याला फोन करून विचारावे.

ही युक्ती जुनी आहे. 2008 साली कूबफेस नावाचा व्हायरस अशाच व्हिडिओच्या आमिषाने फेसबुकवर पसरला होता. व्हिडिओ पाहण्यासाठी फ्लॅश प्लेयर अद्ययावत करा, असे सांगून तो स्वतःच संगणकात शिरत असे. फ्लॅश प्लेयर 31 डिसेंबर 2020 रोजी कायमचा बंद झाला, त्यामुळे आज तो मागणारे पान निःसंशय खोटे समजावे. आता मागणी वेगळी असते: कुठे पासवर्ड, कुठे ‘व्हिडिओ प्लेयर’ म्हणून एपीके फाइल (अँड्रॉइड फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल), तर कुठे मोबाइल क्रमांक घेऊन दिलेला कोड व्हॉट्सॲपमध्ये भरण्याची सूचना. हा शेवटचा प्रकार मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो कोड भरताच आपले व्हॉट्सॲप दुसऱ्याच्या उपकरणाला जोडले जाते, आणि आपल्या फोनवर सर्व काही पूर्ववत चालू राहिल्याने अनेक दिवस शंकाही येत नाही.

दुवा पारखताना त्याच्यासोबत दिसणाऱ्या चित्रावर जाऊ नये. ते चित्र पान बनवणाराच ठरवतो आणि त्यावरचा प्लेचा बाणही बहुतेकदा चित्राचाच भाग असतो. पत्त्यातील दोन तिरप्या रेषांनंतर पुढची तिरपी रेघ येईपर्यंतचा भाग पाहावा आणि तो शेवटाकडून वाचावा. ‘यूट्यूब डॉट कॉम’ हे शब्द सुरुवातीला असले आणि शेवटी भलतेच नाव असले, तर ते पान त्या भलत्या नावाच्या मालकाचे असते. कुलपाच्या चिन्हावरही विसंबू नये, कारण ते केवळ जोडणी सुरक्षित असल्याचे सांगते, समोरचा प्रामाणिक असल्याचे नव्हे. लघुदुव्यात, म्हणजे लांब पत्त्याऐवजी दिलेल्या छोट्या दुव्यात, तर खरा पत्ता दिसतच नाही, म्हणून अनपेक्षितपणे आलेला लघुदुवा मी उघडतच नाही.

आता आपल्यापुरते सांगतो. संदेशातील दुव्यावरून न जाता फेसबुकचे ॲप उघडून पासवर्ड बदला, अन्य खात्यांना तोच पासवर्ड असेल तर तेथेही बदला, अनोळखी उपकरणे लॉगआउट करा आणि द्विस्तरीय पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक पुरावा मागण्याची सोय, सुरू करा. व्हॉट्सॲपमधील ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ची यादीही पाहून घ्या. घरात कुणी एपीके टाकली असेल, तर प्रथम त्या फोनचे इंटरनेट बंद करून दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर क्षणाचाही विलंब न करता 1930 या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा, कारण रक्कम पुढच्या खात्यांत वळती होण्यापूर्वीच ती गोठवता येण्याची शक्यता अधिक असते. आणि मामेभावाला मेसेंजरवर उत्तर न लिहिता फोन करा. त्या खात्यावर सध्या कोण बसले आहे, हे आपल्याला ठाऊक नाही.