फिल्टर बदलण्याआधी तुरटीचा हिशोब बघा

कॉलेजच्या प्रकल्पातून तुमच्या गावात पाणी शुद्धीकरण केंद्र बसलं, मुलं पास होऊन गेली, आता पावसाळ्यात नळाला चहाच्या रंगाचं पाणी येतं आणि नवा फिल्टर घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. तुमची पोस्ट वाचली आणि आमच्या गावचं जुनं दुखणं उपटलं. नवा फिल्टर घेऊ नका, निदान आत्ता तरी. तुरटीची मात्रा चुकली की गाळ खाली बसत नाही, आणि तसं पाणी फिल्टरच्या वाळूवर सोडलं तर ती तुंबणारच.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात २००५ पासून अ‍ॅग्वाक्लारा या विद्यार्थ्यांच्या पाणी शुद्धीकरण प्रकल्पाचं काम चालू आहे, ते बघा. मध्य अमेरिकेतल्या होंडुरास देशातल्या गावांसाठी विजेशिवाय चालणारी केंद्रं. तुरटीची मात्रा देणारी त्यांची दांडी बघण्यासारखी आहे. एका टोकाला फ्लोट. पाण्याची आवक वाढली की तो वर जातो, दुसऱ्या टोकाची नळी खाली येते आणि द्रावण त्या प्रमाणात जास्त सुटतं. ऑपरेटरनं गढूळपणा बघून खूण सरकवायची, बस. तिथेही विद्यार्थी बदलतातच, पण नवी तुकडी आधीच्यांच्या अहवालापासून पुढे जाते. आपल्याकडे बीईचा प्रकल्प म्हणजे बाइंडिंग आणि कपाट.

आमचा घात केला एका कार्यालयानं (नाव घेत नाही, अजून तिथे कामं पडतात). पंप, पॅनेल, उद्घाटनाचा फलक, सगळं मंजूर. ऑपरेटरचं मानधन आणि जार टेस्टचं (भांड्यांत वेगवेगळी मात्रा घालून योग्य तुरटी ठरवायच्या चाचणीचं) सामान मागितलं तर ‘त्याला लेखाशीर्ष नाही’. केंद्राचं हस्तांतरण भर उन्हाळ्यात, नदी निवळशंख, अहवाल अर्थातच ‘पिण्यास योग्य’. जुलैत तक्रार घेऊन गेलो की तोच कागद पुढे. साहेब बदलले, कागद तोच! होंडुरासमध्ये गावची पाणी समिती घरटी पट्टी घेऊन ऑपरेटरला पगार देते. पट्टी वाढवायचा विषय ग्रामसभेत कुणालाच नको असतो, ठाऊक आहे. तरी माझं मत, ऑपरेटरचा पगार पट्टीतूनच निघावा.

मी केमिस्ट नाही, त्यामुळे जार टेस्ट करूनच ठरवा. पण पावसाच्या पाण्यात क्षारता (आम्ल झेलायची ताकद) कमी असेल तर नुसती तुरटी वाढवून पीएच घसरतो आणि गाळाचे पुंजके धरत नाहीत, जोडीला थोडा चुना लागतो. ब्लीचिंग पावडरचं पोतंही उघडं ठेवू नका, दमट हवेत तिचा जोर जातो.

ऑपरेटरकडे गढूळपणाची आणि तुरटीची नोंदवही असेल तर जुलै-ऑगस्टच्या पानांचे फोटो टाका, मग डोसबद्दल बोलता येईल.