मिशनच्या शाळेत नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षकास

श्रद्धा आणि अभ्यासक्रम यांची सांगड कशी घालावी, असे तुम्ही विचारलेत, म्हणून मला अनुभवाने पटलेले लिहितो. प्रत्येक धड्याला बायबलमधील वचन चिकटवण्याचा मोह आवरा. अपूर्णांकांना त्याची गरज नसते. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने ज्ञान शाळेबाहेरच्या जीवनाशी जोडावे आणि घोकंपट्टी सोडावी, अशी तत्त्वे मांडली, आणि येशूची शिकवण्याची रीत याहून फार दूर नाही. बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील शोमरोनी माणसाचा दाखला पाहा, ज्यात वाटेत जखमी पडलेल्या माणसाला इतर टाळून जातात आणि परका मानला गेलेला शोमरोनीच मदत करतो: ‘माझा शेजारी कोण?’ या प्रश्नाला येशू व्याख्या देत नाही, गोष्ट सांगतो आणि उत्तर विचारणाऱ्याकडूनच काढून घेतो. सहावीच्या वर्गात मी तो दाखला सांगून थांबलो, तेव्हा एक मुलगी बराच वेळ गप्प राहून म्हणाली, “सर, आमच्या चाळीत नळावर आजींचा हंडा कुणीच उचलून देत नाही.” नागरिकशास्त्राचा तो तास मग मुलांनीच पुढे नेला.

एका बाबतीत मात्र हयगय नको. संविधानाच्या कलम 30 ने अल्पसंख्याकांना शाळा चालवण्याचा हक्क दिला आहे, तसेच कलम 28 नुसार मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीवाचून अल्पवयीन विद्यार्थ्याला धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. संमती लेखी घ्या, आणि ज्यांचे पालक नकार देतील त्या मुलांना त्या वेळेत वाचनालयात बसवा, शिक्षा झाल्यासारखे व्हरांड्यात नव्हे.