बर्स्ट मध्येच का अडतो? : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : भिगवणला कवड्या खंड्याचा सूर टिपायला जातो. कॅमेरा सोनी ए६४००. रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मोठी फाइल) बर्स्ट (शटर दाबून धरून सलग फोटो काढणं) सुरू केला की चारेक सेकंदांत अडखळतो. म्हणून महागडं व्ही९० (लिहिण्याच्या वेगाची वरची श्रेणी) कार्ड घेतलं, तरी तेच. कार्ड बनावट असेल का?

उत्तर : कार्ड बहुधा अस्सलच आहे, पण ते तुमच्या कॅमेऱ्यासाठी नव्हतं. व्ही९० कार्ड यूएचएस-२ जातीचं, म्हणजे यूएचएस-१ पेक्षा जलद जोडणीचं असतं. उलटं करून पाहा, मागे पिनांच्या दोन ओळी दिसतील. ए६४००चा स्लॉट यूएचएस-१ आहे, त्यात दुसऱ्या ओळीला टेकायला काही नाहीच. त्यामुळे कागदावरसुद्धा सेकंदाला १०४ एमबीच्या वर जाता येत नाही. प्रत्यक्षात त्याहून कमीच.

आता हिशेब करा. एक कॉम्प्रेस्ड रॉ फाइल साधारण २४ एमबीची. सेकंदाला ११ फ्रेम म्हणजे २६० एमबीच्या वर. स्वयंपाकघरात एकजण भराभर पोळ्या लाटतोय आणि तवा एकच आहे, अशी ही गत. लाटलेल्या पोळ्या ताटात साचत जातात. ताट भरलं की लाटणाऱ्याला थांबावंच लागतं. ते ताट म्हणजे बफर, कॅमेऱ्यातली फोटोंची तात्पुरती जागा; तवा म्हणजे कार्ड. चांगल्या कार्डाने तवा तापतो खरा, पण ताट मोठं होत नाही, आणि यूएचएस-१ स्लॉटमध्ये तव्याची आचही ठरलेलीच.

मग उपाय? आधी बर्स्ट हाय-प्लसवरून मिडवर, म्हणजे ११ वरून ६ फ्रेमवर आणा. साचण्याचा वेग निम्म्यावर येईल. पण खरा उपाय बोटात आहे. कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी फडफडत थांबतो, त्या वेळी शटर दाबून धरलंत तर ताट तिथंच भरतं. नेमका तो पंख मिटून खाली झेपावतो तेव्हा कॅमेरा बंद! फडफडताना फक्त फोकस धरून राहा आणि चोच खाली वळली की दाबा. सूर सेकंद-दीड सेकंदात आटोपतो, तेवढ्याला तुमचं बफर सहज पुरतं. वर येताना चोचीत मासा असेल तर आणखी एक छोटा बर्स्ट.

ते कार्ड विकू मात्र नका. यूएचएस-२ कार्ड रीडर घेतलात तर संगणकावर फोटो उतरवताना त्याचे पैसे वसूल होतील.

प्रश्न : कार्डावर मोठ्या अक्षरांत २०० एमबी आणि बाजूला बारीक व्ही३० छापलंय. खरं काय धरायचं?

उत्तर : दोन्ही खरं. मोठा आकडा वाचण्याचा, म्हणजे कार्डावरून फोटो बाहेर काढण्याचा. तोही यूएचएस-१ कार्डावर असेल तर कंपनीच्या स्वतःच्या युक्तीने आणि तिला साथ देणाऱ्या रीडरमध्येच मिळतो. व्ही३० म्हणजे लिहिताना वेग सेकंदाला ३० एमबीच्या खाली जाणार नाही ही हमी, मुख्यतः व्हिडिओसाठी. क्लास १० आणि यू१ची हमी १० एमबीची, यू३ची ३०ची. बर्स्टसाठी पाहायचा असतो लिहिण्याचा कमाल वेग. तो पुष्कळदा पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत असतो. छापलेलाच नसेल तर मी ते कार्ड घेत नाही.

प्रश्न : कॅनन ७डी मार्क २ आहे. बैलगाडा शर्यतीत घाटावर बर्स्ट लवकर दमतो. लग्नाची कामंही करतो, म्हणून सीएफ आणि एसडी या दोन्ही प्रकारच्या कार्डांवर एकाच वेळी रॉ लिहायची सवय आहे.

उत्तर : ती सवय लग्नातच ठेवा. दोन्हींवर लिहिताना दोघांतलं संथ कार्डच वेग ठरवतं, आणि या कॅमेऱ्यात ते सहसा एसडी असतं. लग्नात हार एकदाच घातला जातो, तिथं दुसरी प्रत हवीच. शर्यतीत मात्र फक्त चांगल्या सीएफवर रॉ लिहा. गाडा काही क्षणांत समोरून निघून जातो आणि मागून पुढचा येतोच. मधल्या वेळात कार्ड बफर रिकामं करून टाकतं. हा मधला वेळ वाया घालवू नका : गाडा गेल्यावर धुरळ्याचे दहा फोटो काढण्याचा मोह मलाही होतो, पण ते घरी येऊन पुसावेच लागतात.

प्रश्न : हॉलमधल्या कबड्डीत कॅमेरा पहिल्या फ्रेमपासूनच सेकंदाला १० फ्रेम देत नाही. कार्ड बदलू का?

उत्तर : नको. पहिल्याच फ्रेमपासून वेग कमी असेल तर कार्डाचा संबंध नाही, बफर अजून भरलेलंच नसतं. आधी अँटी-फ्लिकर चालू आहे का पाहा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. कॅमेरा उजेडाच्या क्षणाची वाट पाहतो, त्यात वेग घटू शकतो. दुसरं, फोकसला प्राधान्य दिलं असेल तर अंधुक उजेडात कॅमेरा फोकस लागेपर्यंत अडून बसतो. शटर स्पीड फार संथ नाही ना तेही तपासा, आणि बॅटरी भरलेली ठेवा.

प्रश्न : फोटो एकेक पुसावेत की फॉरमॅट करावं?

उत्तर : दोन ठिकाणी प्रती झाल्या की फॉरमॅट, तेही कॅमेऱ्यातच. आणि कार्डावर लिहिणं चालू असल्याचा लाल दिवा लुकलुकत असेपर्यंत कार्डाचं झाकण उघडू नका.