फॉर्च्युनरला ट्रेलर जोडून गाडीचे पैसे वसूल होतील का?

प्रश्न : दिंडोरी तालुक्यात आमची सहा एकर द्राक्षबाग आहे. ऑन-रोड ४५ लाखांची फॉर्च्युनर घ्यायचं चाललंय. १५ लाख एफडी मोडून भरीन, उरलेलं ३० लाख कर्ज साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी. अंबडमधला एक फॅब्रिकेटर पावणेदोन लाखांत ट्रेलर बनवून देतो. मालासकट अडीच टन वजन होईल. माल मीच वाशीला नेला तर हंगामात पिकअपच्या भाड्याचे १ लाख ९० हजार वाचतील आणि घरालाही गाडी होईल. पत्नी म्हणते, आधी दोन एकरांवर प्लास्टिक आच्छादन टाकू. बुकिंगचे ५० हजार भरलेत. काय करावं?

उत्तर : ट्रेलरच्या भरवशावर ही गाडी घेऊ नका. तुमच्याच आकड्यांवरून सांगतो.

३० लाखांचा हप्ता महिन्याला सुमारे ४९ हजार बसतो, म्हणजे वर्षाला ५ लाख ८८ हजार. सात वर्षांत ११ लाखांहून जास्त नुसतं व्याज जातं. पहिल्या वर्षाचं व्याजच पावणेतीन लाखांच्या आसपास आहे आणि तुमचं वाचणारं भाडं १ लाख ९० हजार. त्यातूनही डिझेल, टोल, टायर वजा करायचे. शिवाय काढणीच्या ऐन दिवसांत तुम्ही बागेत असायचं की वाशीच्या रस्त्यावर, हाही प्रश्न आहेच. शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्यामुळे व्याज किंवा घसारा दाखवून कर वाचवायलाही इथे वाव नाही.

हप्ता दर महिन्याला जाणार, बागेचा पैसा मात्र वर्षातून एकदाच येतो. ऑक्टोबर छाटणीला मजुरी आणि फवारण्यांचा खर्च सुरू होतो, तेव्हा हाताशी असते ती हीच एफडी. ती मोडलीत तर औषधं उधारीवर आणावी लागतील, आणि ती उधारी कुठल्या भावाने पडते हे तुम्हाला मी सांगायला नको. सात वर्षांत एखादा हंगाम अवकाळीत जाणार किंवा एखादा व्यापारी पैसे अडकवणार, हे धरूनच चाला. त्या वर्षीही हप्ता चुकत नाही.

आता ट्रेलरचं. मला खरी काळजी याची वाटते, कारण गाडीत तुमच्यासोबत घरची माणसंही असणार. फॉर्च्युनरच्या इंजिनात ताकद आहे, याबद्दल वाद नाही. ऑस्ट्रेलियात याच गाडीला ३१०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढायची मुभा आहे. पण ती ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील तरच. ब्रेक नसलेल्या ट्रेलरला तिथे मर्यादा ७५० किलो. तुमच्या फॅब्रिकेटरच्या पावणेदोन लाखांत ब्रेक धरलेत का, हे पत्रात कुठेच नाही. इथल्या मॉडेलला किती वजन ओढायची परवानगी आहे, हेही कंपनीकडून लेखी घ्यायला हवं. सेल्समनच्या ‘आरामात ओढेल’वर जाऊ नका.

ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हुकवर यावा लागतो. अडीच टनांना तो २५० ते ३७५ किलो होतो. हा सगळा गाडीच्या मागच्या चाकांवर बसतो आणि पुढची चाकं हलकी होतात. स्टिअरिंग आणि पुढच्या ब्रेकची पकड त्यांच्यावरच असते. उलट क्रेट मागे रचले गेले, तर हुकवरचा भार कमी होतो आणि वेग वाढला की ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो. समजा, नाशिकला थांबून पुढचे क्रेट उतरवले आणि मागचे तसेच ठेवून पुढे निघालात, तर निघताना बरोबर असलेला तोल तिथेच बिघडला. एकदा ट्रेलर झुलू लागला की गाडीचा ब्रेक जोरात दाबणं सगळ्यात वाईट. अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि ट्रेलरचे ब्रेक वेगळे लावता येत असतील तर तेवढेच लावायचे. हे आधी सराव करून अंगवळणी पडावं लागतं.

कसारा घाट उतरताना नुसत्या ब्रेकवर गाडी धरली तर ब्रेक तापून पकड सोडतात, त्यामुळे खालच्या गिअरमध्येच उतरावं लागतं. जून २०२५ पासून समृद्धीच्या इगतपुरीच्या बोगद्यातून घाट टाळता येतो हे खरं, पण तिथे वेगाचा मोह होतो. ६० ऐवजी ८० च्या वेगाने गेलात, तर थांबवायची ऊर्जा जवळपास पावणेदोन पट होते.

विम्याची बाजू तर त्याहून कच्ची आहे. खासगी कारच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात. मालवाहतूक त्यात बसत नाही, सोबतचं सामान आणि नमुने एवढेच चालतात. द्राक्षांनी भरलेला ट्रेलर ओढताना अपघात झाला तर कंपनी दावा नाकारू शकते. ट्रेलरची आरटीओत वेगळी नोंदणी लागते आणि विम्याचंही वेगळं बघावं लागतं. ४५ लाखांची गाडी, अंगावर कर्ज आणि दावा नामंजूर, असा प्रसंग आला तर जमिनीचा तुकडा विकायची पाळी येईल. म्हणून मी इतक्या ठामपणे नको म्हणतो आहे.

मग माल कसा न्यायचा? आज नेता तसाच, भाड्याच्या पिकअपने. स्वतःची पिकअप दहा लाखांच्या आसपास येते, दीड-दोन टन माल नेते आणि तिच्यावर जीएसटी १८ टक्के आहे, मोठ्या एसयूव्हीवर ४०. तरीही १ लाख ९० हजारांच्या भाड्यासाठी ती घ्यावी असं मला वाटत नाही. बाकीचे आठ महिने ती उभीच राहील. शेजारच्या दोन-तीन बागायतदारांचा माल मिळून वर्षभर काम असेल, तर वेगळा हिशेब करू.

वहिनींचं म्हणणं मला पटतं. आच्छादनाने पावसात माल वाचतो, आणि कुठलंही कर्ज फेडायचं ते त्याच मालातून. छाटणी ते काढणीचा पूर्ण खर्च एफडीत राखून ठेवा आणि उरलेल्यातून आच्छादनाचं कोटेशन घ्या. अनुदानाची चौकशी तालुका कृषी कार्यालयात करा, पण ते हातात पडेपर्यंत हिशेबात धरू नका.

घराला मोठी गाडी हवी असणं यात काहीच गैर नाही. वीस लाखांच्या आतली, सात जणांची, निम्मे पैसे रोख भरून घेता येईल अशी गाडी तुमच्या उत्पन्नाला झेपेल. या हंगामाचे सगळे पैसे खात्यात जमा झाले की मला आकडे कळवा, कर्ज किती घ्यायचं ते तेव्हा ठरवू. तोवर शोरूमला बुकिंग रद्द करण्याचा ईमेल आजच पाठवा. वाटपपत्र (ठरावीक गाडी तुमच्या नावावर राखल्याचं पत्र) निघाल्यावर बुकिंगच्या पैशातली कपात वाढते का, हे पावतीच्या मागच्या अटींत बघा.