खुणा शिकवल्या तर ती बोलायचीच नाही का?

"खुणांची सवय लागली तर ती बोलायचे कष्टच घेणार नाही, असं सगळे म्हणतात." सव्वा वर्षाच्या मुलीला मांडीवर घेऊन बसलेल्या आईचा हा पहिलाच प्रश्न. बेरा या कानांच्या तपासणीत दोन्ही कानांना अतितीव्र श्रवणदोष निघाला होता. कॉक्लिअर इम्प्लांटचं, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात ऐकण्याचं यंत्र बसवायचं ठरत होतं आणि तोवर घरात खुणांना बंदी होती.

बहुतेक कर्णबधिर मुलं ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्याच पोटी येतात, त्यामुळे ही भीती मला घरोघरी भेटते. ती जुनीही आहे. १८८० साली इटलीतल्या मिलानमध्ये कर्णबधिरांच्या शिक्षणावरच्या परिषदेत शिक्षकांनी त्यांच्या शाळांमधून सांकेतिक भाषा हद्दपार करण्याचा ठराव केला. तो अधिकृतपणे नाकारायला २०१० साल उजाडावं लागलं! सांकेतिक भाषेमुळे बोलणं खुंटतं, याला आधार नाही. कर्णबधिर आईवडिलांच्या घरात जन्मापासून सांकेतिक भाषा मिळालेल्या मुलांना इम्प्लांट बसवल्यावर त्यांचं बोलणंही छान वाढल्याचं अभ्यासांत दिसलं आहे.

खरं नुकसान होतं ते वाट बघत बसल्याने. शस्त्रक्रियेनंतर यंत्र सुरू व्हायलाच काही आठवडे जातात, आवाजांचा अर्थ लागायला महिने, कधी वर्षं. फायदाही सगळ्यांना सारखा होत नाही. तोवर पोट दुखतंय हे या मुलीने कसं सांगायचं? सुरुवातीची वर्षं भाषेविना गेली, तर पुढे कुठलीही भाषा, अगदी सांकेतिकसुद्धा, पुरती हाती लागत नाही.

हे बोलणं चाललेलं असताना मुलीने छताकडे बोट केलं. आई तिच्या तोंडाशी वाकून मोठ्याने म्हणाली, "पंखा, पंखा." मुलीने पुन्हा बोट केलं. माझी कर्णबधिर सहकारी मुलीची नजर आपल्याकडे वळेपर्यंत थांबली आणि मग वर धरलेलं बोट गोल फिरवलं. मुलीने हाताकडे पाहिलं, वर पाहिलं, परत हाताकडे. थोड्या वेळाने तिचंही बोट वेडंवाकडं फिरू लागलं.

आईला मी त्यातलं ते थांबणं टिपायला सांगितलं. ऐकू येणाऱ्या मुलाला पंख्याकडे बघता बघता शब्द ऐकू येतो. हिला आधी वस्तू, मग हात असं पाळीपाळीने बघावं लागतं. घाई केली की खूण वाया जाते.

वडील म्हणाले, "मॅडम, आम्हालाच येत नाही, तर तिला काय शिकवणार?" तिच्यापेक्षा चार खुणा पुढे राहिलात तरी सुरुवातीला पुरे, मी म्हटलं. पण ज्यांची ती रोजची भाषा आहे, अशा कर्णबधिर माणसांकडून शिका आणि मुलीलाही त्यांच्यात मिसळू द्या. जेवण-पाणी-शू एवढ्यावर अडकू नका. 'काल', 'का', 'भीती वाटली?' हेही तिला लागणारच आहे. श्रवणयंत्र आणि स्पीच थेरपी अजिबात सोडू नका, इम्प्लांटचा निर्णयही डॉक्टरांशी बोलून घ्या. खुणा आणि बोलणं, दोन्ही एकत्र चालतं.