फ्लाइट सिम्युलेटरसाठी मोफत विमानं कुठून घ्यावीत, आणि डाउनलोड केलेलं विमान यादीत का दिसत नाही?

तुमचा प्रश्न असा आहे: फ्लाइटगिअर हा मोफत सिम्युलेटर बसवला तर त्यात सेसना आणि यूएफओ एवढंच मिळालं. गिटहबवरून (प्रोग्रॅमच्या फाइली वाटायची वेबसाइट) दोन-तीन विमानांच्या झिप आणल्या, तर एक लाँचरमध्ये (सुरुवातीला विमान निवडायची खिडकी) दिसतच नाही आणि दुसरं दिसतं पण उघडल्यावर कॉकपिट गायब. शिवाय मोफत विमानांत घेण्यासारखी कोणती, हेही तुम्हाला हवंय. आधी बिघाडाचं बघू, कारण या दोन तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत.

विमान यादीत दिसत नसेल तर बहुतेक वेळा फोल्डर एक पायरी जास्त खोल गेलेलं असतं. विंडोजमध्ये 'एक्स्ट्रॅक्ट ऑल' केलं की झिपच्या नावाचा एक फोल्डर तयार होतो आणि त्याच्या पोटात पुन्हा त्याच नावाचा दुसरा. लाँचर शोधतो ती '-सेट डॉट एक्सएमएल' (-set.xml) अशा शेपटाची फाइल, आणि तीही तुम्ही दाखवलेल्या फोल्डरच्या फक्त एक पायरी आत. म्हणून डॉक्युमेंट्समध्ये एक साधा फोल्डर करा (नाव रोमन अक्षरांत, मधे जागा न सोडता). प्रत्येक विमानाचा फोल्डर थेट त्यात ठेवा. मग लाँचरच्या अ‍ॅड-ऑन्स पानावर, जादा विमानांच्या फोल्डरच्या जागी, हा बाहेरचा फोल्डर निवडा. इथे हमखास विमानाचाच फोल्डर निवडला जातो आणि यादी रिकामीच राहते.

कॉकपिट गायब असेल तर घोळ नावाचा आहे. गिटहबच्या झिपमधून निघालेल्या फोल्डरला 'मास्टर' किंवा 'मेन' असं शेपूट चिकटलेलं असतं. विमानातल्या फाइली मात्र एकमेकींना पूर्ण पत्त्यानं शोधतात: 'एअरक्राफ्ट', तिरकी रेघ, विमानाचं नाव, तिरकी रेघ, 'मॉडेल्स', असा. नावात एक अक्षर इकडचं तिकडे झालं की पत्ता चुकला. बरोबर नाव कोणतं हे ओळखायची खात्रीची रीत सांगतो. '-सेट डॉट एक्सएमएल' फाइल नोटपॅडमध्ये उघडा, 'एअरक्राफ्ट/' शोधा, आणि त्यापुढे जो शब्द आहे तोच, अक्षरन् अक्षर, फोल्डरला द्या. लिनक्सवर लहान-मोठ्या लिपीचाही फरक पडतो. विंडोजवर बनवलेल्या काही विमानांत फोल्डरचं नाव मोठ्या 'एम'नं आणि फाइलीतला पत्ता लहान 'एम'नं असतो. विंडोजवर ते चालून जातं, लिनक्सवर पंख उमटत नाहीत.

फ्लाइटगिअरच्या स्वतःच्या डेटा फोल्डरमध्ये विमानं टाकू नका. प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहायची परवानगी नसते आणि नवी आवृत्ती बसवताना सगळं पुसलं जाऊ शकतं. तिथला 'इन्स्ट्रुमेंट्स-३डी' फोल्डर अनेक विमानं सामाईक वापरतात. एखाद्या झिपमध्ये त्याची जुनी प्रत असेल तर ती त्यावर टाकू नका, नाहीतर दुसऱ्याच विमानांची कॉकपिटमधली उपकरणं बिघडतील.

खरं तर सुरुवातीला गिटहबकडे जायची गरजच नाही. अ‍ॅड-ऑन्स पानावरच अधिकृत हँगर, म्हणजे विमानांचा ऑनलाइन साठा, जोडायची सोय आहे. तो जोडला की विमानांच्या पानावर 'ब्राउझ'मध्ये शेकडो विमानं येतात आणि बटण दाबलं की बरोबर नावानं, बरोबर जागी बसतात. तिथे चार गोष्टींना शून्य ते पाच गुण दिलेले असतात: उड्डाणाचं गणित (विमान हवेत कसं वागतं याचा हिशोब), यंत्रणा, कॉकपिट आणि बाहेरचं मॉडेल. लाँचर कमी गुणांची विमानं लपवतो, त्यामुळे नाव माहीत असूनही विमान सापडत नसेल तर आधी ही चाळणी बंद करून बघा. निवडताना माझा आग्रह पहिल्या गुणाचा आहे. रंगकाम देखणं आणि उड्डाणाचं गणित एक गुणाचं, असं विमान चार दिवसांत कंटाळा आणतं. उलट साध्या दिसणाऱ्या पण चार-पाच गुणांच्या विमानावर हात बसतो.

आणि नवं शोधण्याआधी सोबत आलेलं सेसना १७२पी नीट उघडून बघा. लोक त्याला 'फुकटात आलेलं' म्हणून बाजूला सारतात, पण इतक्या बारकाईनं केलेली मोफत विमानं थोडीच आहेत. त्याच्या मेनूत १६० किंवा १८० अश्वशक्तीचं इंजिन निवडता येतं. नेहमीच्या चाकांऐवजी जाड टायर, पाण्यावर उतरायचे फ्लोट किंवा बर्फावरची स्की लावता येते. म्हणजे एका डाउनलोडमध्ये चार-पाच विमानं झाली. ते जागचं हलत नसेल तर विमान बांधलेलं तर नाही ना, चाकांपुढे अडण्या आहेत का, हे मेनूत बघा. मग शिफ्ट आणि बी दाबून पार्किंग ब्रेक सोडा. इंजिनासाठी '}' तीनदा दाबा, म्हणजे दोन्ही मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारे भाग) चालू होतात, मग एस दाबून धरा. ५५ नॉटला नाक हलकेच उचला, चढताना ७५च्या आसपास ठेवा. जुहूचं विमानतळ (व्हीएजेजे) निवडून सरावाच्या फेऱ्या मारा. धावपट्टी आखूड आहे, त्यामुळे उतरतानाचा वेग ६५च्या वर गेला की लगेच कळतं.

त्यानंतर दोन इंजिनांचं ट्विन ऑटर घ्या, हेलिकॉप्टरची हौस असेल तर बीओ-१०५. स्पेस शटलही मोफत आहे आणि त्यावर केलेलं काम थक्क करणारं आहे, पण त्याची कागदपत्रं वाचल्याशिवाय ते उघडू नका.

आवृत्तीची जोडी जुळवणंही महत्त्वाचं. २०२४.१ मध्ये चित्र उमटवायची पद्धत बदलली, त्यामुळे फार जुन्या विमानांत काचा अपारदर्शक दिसणं, प्रकाश विचित्र पडणं असं होतं. हँगरमधून घेतलं तर तुमच्या आवृत्तीला साजेशी प्रत येते. गिटहबवरची मुख्य शाखा मात्र बरेचदा नव्या आवृत्तीसाठी असते.

इतर सिम्युलेटरवाले हे उत्तर वाचतील, म्हणून थोडक्यात. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये विमान 'कम्युनिटी' फोल्डरमध्ये जातं आणि 'मॅनिफेस्ट' व 'लेआउट' या दोन जेसन फाइली त्याच्या बरोबर एक पायरी आत हव्यात. कम्युनिटी फोल्डर कुठे आहे ते 'यूजरसीएफजी डॉट ऑप्ट' या फाइलीच्या शेवटच्या ओळींत लिहिलेलं असतं. लेआउट फाइलीत प्रत्येक फाइलीची नोंद असते. तुम्ही हातानं नवं रंगकाम टाकलं आणि नोंद केली नाही, तर सिम्युलेटर ते वाचतच नाही. फ्लायबायवायरचं ए३२०निओ इथलं सर्वोत्तम मोफत विमान. ते त्यांच्याच इन्स्टॉलरमधून घ्या आणि 'स्टेबल' प्रत निवडा. एक्सबॉक्सवर कम्युनिटी फोल्डर नसतो, तिथे फक्त आतलं दुकान.

एक्स-प्लेनमध्ये विमानाचा पूर्ण फोल्डर 'एअरक्राफ्ट'मध्ये ठेवला की झालं, पण त्यासोबत येणारे प्लगइन हे तुमच्या संगणकावर चालणारे खरेखुरे प्रोग्रॅम असतात. त्यामुळे मूळ कर्त्याच्या पानाशिवाय कुठूनही घेऊ नका. विकतचं विमान कुणी 'मोफत' वाटत असेल तर ते चोरीचं आहे आणि त्यात काय घातलंय ते सांगता येत नाही.

एवढं करूनही अडलं तर विंडोजवर अ‍ॅपडेटा, रोमिंग, 'फ्लाइटगिअर डॉट ऑर्ग' या फोल्डरमधली 'एफजीएफएस' नावानं सुरू होणारी लॉग फाइल उघडा आणि वरून खाली वाचत पहिली चूक शोधा. खालच्या पन्नास चुका बहुधा त्या एकीमुळेच आलेल्या असतात. 'यासिम सोल्यूशन फेल्युअर' दिसलं (यासिम म्हणजे उड्डाणाचं गणित करणारा फ्लाइटगिअरचा एक भाग) तर दोष विमानाच्या गणितात आहे, तुमच्या बसवण्यात नाही. दुसरी प्रत घ्या. बाकी काही दिसलं तर ती ओळ, फ्लाइटगिअरची आवृत्ती आणि विमानाच्या फोल्डरचा पूर्ण पत्ता इथे खाली टाका, बघून सांगतो.